टेकू काढायचा दिवस

माझी पीएच.डी. पूर्ण होऊ नये म्हणून मी साडेतीन वर्षं झटले. ती पूर्ण व्हावी म्हणून त्याआधी पाच वर्षं झटले होते, ते वेगळं. दर सहा महिन्यांनी विद्यापीठाला प्रगती अहवाल द्यावा लागतो. त्यात मी ‘आणखी निरीक्षणे आवश्यक’ असं लिहायचे आणि मुदतवाढ मागायचे. माझे गाईड भला माणूस, पण तेही वैतागले होते. नवरा रांजणगावला एका कंपनीत शिफ्ट करतो, तो तर केव्हाच वैतागला होता, कारण पुण्यातल्या एका कॉलेजने ‘पदवी हातात आली की या’ असं सांगून ठेवलं होतं. सगळ्यांना वाटायचं, बाई आळशी झाली. मी तापट आहे, हट्टी आहे, जेवताना कुणी कामाचं बोललं तर ताट सरकवून उठणारी आहे. आळशी मात्र नाही, आणि हे कुणालाच सांगता येत नव्हतं याचा मला फार राग यायचा.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज शिरूरच्या थोडं बाहेर, ज्वारीच्या रानाला लागून आहे. संस्था चालवणारी मंडळी जवळच्याच गावची, जमीनजुमला असलेली. पंचायत असो की सोसायटी, शब्द त्यांचाच. मी तिथे एम.ई.च्या वर्गाला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकवते. पटावर अठरा पोरं, बाकांवर चार. त्यातला एक कारेगावला राहून कंपनीत काम करतो आणि शिफ्ट संपवून थेट वर्गात येतो. प्लेटच्या वाकण्याचं समीकरण फळ्यावर अर्ध्यात आलं की त्याची मान हळूहळू वाकायला लागते. मी त्याला उठवत नाही.

पहिल्या तासाला मात्र मी समीकरण लिहीत नाही. एकाला उभं करते, हात समोर सरळ धरायला लावते आणि बोटांत माझी डब्याची पिशवी अडकवते. विचारते, ओढ कुठे लागते? तो म्हणतो, खांद्यावर. खांद्याच्या वर का खाली? वर. बस, म्हणते मी, गॅलरीचं सगळं गणित एवढंच आहे. खोलीच्या स्लॅबला चारी बाजूंनी आधार असतो, तो मध्ये खाली वाकतो, म्हणून त्याची मुख्य सळई तळाला. गॅलरी एकाच बाजूने भिंतीला धरलेली, पुढे नुसती हवा. तिला ओढ वर लागते, म्हणून तिची सळई वर. ती खाली गेली तर असून नसल्यासारखी.

माझं संशोधन याच सळईवर होतं. सळई बांधणारे ती वरच बांधतात. ती वर राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईचे छोटे घोडे ठेवतात, त्यांना साइटवर ‘चेअर’ म्हणतात. मग काँक्रीट ओतायला माणसं येतात, त्या जाळीवर नाचतात, चेअर मोडतात आणि सळई दबते. काँक्रीट पडलं की झाकलं गेलं. कारेगावात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या तीन-तीन मजली इमारती उठल्या आहेत, प्रत्येक मजल्याला लांबलचक गॅलरी. काँक्रीटमधली सळई किती खोल आहे ते दाखवणारं एक यंत्र गाईडनी मला विद्यापीठातून आणून दिलं होतं. ते घेऊन मी तिथल्या गॅलऱ्या मोजत फिरायचे. बायका विचारायच्या, काय शोधताय, सोनं का? मी म्हणायचे, लोखंड.

हे घराण्यातलंच काम. आम्ही दौंडचे, पिढ्यान् पिढ्या तिथले. अब्बांनी सगळं आयुष्य सेंटरिंगच्या ठेक्यात घालवलं. म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू उभे करायचे, वर काँक्रीट पडलं की ते वाळेपर्यंत सांभाळायचे आणि मग टेकू काढायचे. आमच्या कॉलेजचं मुलींचं हॉस्टेलही त्यांनीच उभं केलेलं. मी त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. पुढे मी तिथेच शिकवायला लागले तेव्हा अब्बा दौंडच्या चौकात भेटेल त्याला सांगायचे, मी बांधलं तिथं पोरगी मास्तर झाली.

पीएच.डी.च्या पाचव्या वर्षी एका दुपारी यंत्राची चाचणी करायची म्हणून मी ते आमच्याच हॉस्टेलच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीवर ठेवलं. पाच इंची स्लॅब. सळई वरून एक इंचावर हवी. यंत्राने साडेतीन दाखवली. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा ठेवलं. मग सगळी गॅलरी मोजली. मधल्या पंधरा-सोळा हातांच्या टप्प्यात सगळीकडे तेच, दोन्ही टोकांना सळई ठीक. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर गेले, तिथेही ठीक. परत खाली आले तर भिंतीलगत केसासारखी एक चीर, व्हाइट सिमेंटने भरलेली, आणि त्या चिरेवर मुलींनी बादल्या मांडलेल्या. गॅदरिंगच्या दिवशी याच गॅलरीत साठ-सत्तर पोरी दाटीवाटीने उभ्या राहून खालचा नाच बघतात.

एकाच मजल्यावर असं का झालं, हे मला दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत कळलं. त्यांच्या खुर्चीमागे हॉस्टेलच्या पहिल्या स्लॅबच्या पूजेचा मोठा फोटो आहे. आमच्याकडे पहिल्या स्लॅबची पूजा होतेच. वरच्या मजल्यांना नारळ फोडला तर फोडला. फोटोत संस्थेची सगळी मंडळी फेटे बांधून उभी आहेत, गुरुजी आहेत, नारळ आहे, पेढे आहेत. मागे शिवार छान दिसावं म्हणून फोटोवाल्याने सगळ्यांना कडेला उभं केलेलं, म्हणजे गॅलरीत. पंधरा-सोळा माणसं बुटांसकट वरच्या सळईवर उभी. फोटोच्या अगदी टोकाला, हातात घमेलं घेतलेले अब्बा.

मी लेखी अहवाल दिला. प्राचार्यांनी ज्यांनी इमारतीचं डिझाइन केलं त्याच सल्लागाराकडून एक पानाचं पत्र आणवलं की दोष आढळत नाही. आधाराला चार खांब तरी उभे करा, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की खांब घालायचे म्हणजे चूक झाली असं कबूल करायचं, आणि चूक कुणी केली असं संस्थेत विचारलं तर ते काय सांगणार? मग अगदी प्रेमाने म्हणाले, “मॅडम, तुमचा विषय प्रगत आहे. आपली बिल्डिंग साधी आहे.”

मी भांडायला हवं होतं. पेपरात जायला हवं होतं, कलेक्टरकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. माझी दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या लोखंडी कपाटात आहेत. रुजू होताना सगळ्यांकडूनच ‘ओरिजिनल’ जमा करून घेतात आणि सोडताना मिळतात, साहेबांची मर्जी असली तर. आणि त्या फोटोत अब्बा होते. या दोन कारणांत मोठं कोणतं, हे मी स्वतःलाही कधी खरं सांगितलेलं नाही.

मग मी शक्कल लढवली. कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. मी अर्ज केला की हॉस्टेलच्या गॅलरीखाली ‘जिवंत प्रयोगशाळा’ उभारते: टेकू, वर गॅलरी किती वाकते ते दाखवणारी काटेवाली घड्याळं आणि पिवळी पाटी, ‘संशोधन चालू आहे, हात लावू नये’. प्राचार्य खूश झाले. मी अब्बांना फोन करून म्हटलं की प्रयोगाला आठ टेकू पाहिजेत. त्यांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून त्यांचे सगळ्यांत चांगले, न वाकलेले आठ लोखंडी टेकू आले, सोबत जाड फळ्या आणि पाचरी. बरोबरच्या माणसाला त्यांनी टेकू कुठे कुठे लावायचे तेही सांगून धाडलं होतं, आणि मी न सांगताच त्याने ते नेमके मधल्या टप्प्यात लावले. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. डॉक्टरेट करणाऱ्या माणसाच्या लक्षात पुष्कळ गोष्टी येत नाहीत.

यातली खरी गंमत वर्गात सांगावी अशी होती, पण सांगता येत नव्हती. गॅलरीच्या पुढच्या कडेला टेकू लावला की ती गॅलरी राहतच नाही. दोन्हीकडून आधार मिळाला की ती खोलीच्या स्लॅबसारखी वागते, मध्ये खाली वाकते, आणि मग तिला सळई तळालाच लागते. म्हणजे दबून खाली गेलेली ती सळई आता अगदी योग्य जागी होती. टेकू आहे तोवर चूकच बरोबर.

पण टेकू होता तो माझ्या प्रयोगामुळे. प्रयोग होता तो माझी पीएच.डी. चालू होती म्हणून. प्रबंध दिला की प्रयोग संपला, प्रयोग संपला की पाटी निघाली, टेकू निघाले. प्राचार्य दर दोन महिन्यांनी विचारायचे की ते पाइप कधी निघणार, मुलींना गाड्या लावायला अडचण होते. म्हणून मी लिहीत राहिले, आणखी निरीक्षणे आवश्यक. तीन वर्षं घड्याळाचा काटा तसूभर हलला नाही आणि मी दर सोमवारी जाऊन ‘बदल नाही’ अशी नोंद करत राहिले. पोरी मला टेकूवाल्या मॅडम म्हणायला लागल्या. माझ्यानंतर नोंदणी केलेले दोघं डॉक्टर होऊन गेले, एकाने मला पेढा देताना ‘तुमचंही होईल’ म्हटलं. मी पेढा खाल्ला. त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं होतं.

मग गाईडनी निरोप दिला की ते जूनमध्ये निवृत्त होताहेत, आता मुदतवाढ नाही, एप्रिलअखेर प्रबंध द्या नाहीतर नोंदणी रद्द होईल. प्रबंध दिला तर टेकू जाणार. नाही दिला तर नोंदणी जाणार, आणि तिच्यामागे टेकूही जाणारच. साडेतीन वर्षं मी एकच दार धरून उभी होते आणि आता दोन्ही बाजूंनी ते ढकललं जात होतं.

त्या रविवारी मी दौंडला गेले. दुपारची जेवणं झाली होती, अब्बा ओट्यावर बसून जुन्या पाचरी तासत होते. काम सोडलं तरी हात सुटत नाही. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोटोचं सोडून. ते ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी पाचर खाली ठेवली.

“पहिल्या माळ्याची ना? मधल्या अंगाची?”

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

“मला तवाच ठाव व्हतं, बेटा. फोटो काढून मंडळी उतरली आन् मी बघितलं तर समद्या चेअर आडव्या. म्हणलं, साहेब, अर्धा तास द्या, सळई उचलून घेतो. तर म्हणले, मुहूर्त टळतोय, गिलावा का काय ते ओता. त्यांनी नारळ फोडला, मी बिस्मिल्ला म्हणलो आन् घमेलं वतलं.”

गॅलरीचे टेकू चौदा दिवसांनी काढायचे, ते त्यांनी दीड महिना काढले नव्हते. पावसाचं कारण सांगितलं होतं. मग काढावेच लागले, आणि काढताना आपण पाचर ठोकायच्या आधी कलमा म्हटला होता, असं ते म्हणाले. नंतर कॉलेजच्या रस्त्याने कधी जायचं झालं तर ते मान वळवून बघायचे, गॅलरी जागेवर आहे का. मी इतकी वर्षं त्याला अभिमान समजत होते. मी रागाने विचारलं, मग बोलला का नाहीत? ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला माझंच तोंड दिसलं. त्या एका अहवालानंतर मीही साडेतीन वर्षं बोललेच नव्हते की.

मग त्यांनी विचारलं की खांब घालायला साहेब का अडतात. मी सांगितलं, चूक कुणाची हे लिहावं लागेल म्हणून.

“मंग माझी लिहा की.”

मी नाही म्हटलं. आरडाओरडा केला. आतून अम्मी बाहेर आली. अब्बा पुन्हा पाचर तासायला लागले होते.

पुढच्याच आठवड्यात ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शिरूरला आले. प्राचार्यांच्या खोलीत, त्या फोटोखाली उभं राहून त्यांनी सांगितलं की त्या दिवशी ध्यान देणं आपलं काम होतं, ते झालं नाही, चूक आपली, खांब आपण उभे करून देतो. प्राचार्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला किळस आली. त्यांनी ‘चाचा, बसा’ म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिथल्या तिथे पत्र टाइप करून घेतलं. अब्बांनी मराठीत एकेक अक्षर काढून सही केली. मी शेजारी बसले होते. मला म्हणता आलं असतं की फोटो बघा, कोण कुठे उभं आहे ते बघा. मी चहा प्याले.

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं तेव्हा चार खांब उभे राहिले. अब्बा रोज दौंडहून यायचे, दोन माणसं घेऊन. काँक्रीट पक्कं झाल्यावर टेकू काढायचा दिवस त्यांनीच ठरवला आणि त्या दिवशी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. एकेक पाचर हलक्या हाताने ठोकून सैल केली, टेकू सोडला की वर कान देऊन थांबायचे. आठवा टेकू निघाला. मी घड्याळाकडे बघत होते. काटा हलला नाही. पोरी आता वाचल्या, आणि मला आनंद व्हायला हवा होता. मी खांबाला टेकून रडले, आणि ते आनंदाचं नव्हतं.

प्रबंध मी मुदतीत दिला. पाचव्या प्रकरणात या गॅलरीचं उदाहरण आहे. तिथे कारण लिहावंच लागतं, आणि ते पान देण्याआधी प्राचार्यांनी मागून घेतलं होतं, पत्राशी जुळतंय ना बघायला. ‘सेंटरिंग ठेकेदाराच्या निष्काळजीपणामुळे वरची सळई विस्थापित झाली.’ इंग्रजीत ते वाक्य आणखी थंड दिसतं. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच उदाहरण उचललं आणि म्हणाले की असले अडाणी ठेकेदार आहेत म्हणून तर तुमच्या संशोधनाला महत्त्व आहे. मी ‘हो सर’ म्हटलं.

पदवी मिळाल्यावर मी पुण्याच्या जागेसाठी माझी प्रमाणपत्रं मागितली. प्राचार्यांनी स्वतः कपाट उघडलं, माझी फाइल काढली, आणि तिच्यात वरच अब्बांचं पत्र टाचलेलं होतं. ते म्हणाले, काही घाई नाही ना, चाचांचं पत्रही आपल्याकडे सुरक्षित आहे, घरचीच गोष्ट आहे. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मी रिकाम्या हाताने परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी पीएच.डी.चं मूळ प्रमाणपत्रही नियमाप्रमाणे ऑफिसात जमा केलं. नवऱ्याला अजून वाटतं की मला शिरूर सोडवत नाही.

प्रबंधाची एक प्रत मी अब्बांना नेऊन दिली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. हात धुऊन, पुसून त्यांनी ती मांडीवर घेतली आणि आपलं नाव यात कुठे आहे ते विचारलं. मी ऋणनिर्देशाचं पान काढलं, सगळ्यांत वर त्यांचं नाव होतं, त्यावर त्यांचं बोट ठेवलं. ते बराच वेळ तिथेच ठेवून बसले.

मग म्हणाले, “आन् दुसरीकडं?”

मी म्हटलं, दुसरीकडे नाव नाही.

“नाव नसंल. पान दाखव.”

मी पाचवं प्रकरण काढलं. ओळ दाखवली. त्यांनी त्या न समजणाऱ्या ओळीवरून बोट डावीकडून उजवीकडे नेलं, सळई सरळ आहे का बघताना नेतात तसं.

“नीट लिहिलंय ना? कुणाला शंका यायची न्हाई?”

मी म्हटलं, नाही येणार.

त्यांनी मान हलवली, प्रबंध मिटला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवला.